पोटरीची मेहनत

हृदय रक्त ढकलतं हे शाळेतच कळतं. ते परत कोण आणतं, हे विचारायचं राहून जातं. वारणानगरच्या साखर कारखान्यात, दूध संघात किंवा वारणा बझारच्या काउंटरवर पाळीभर उभं राहिलेल्याचे पाय संध्याकाळी भरून येतात आणि बोल लागतो उभं राहण्याला. माझ्या मते खरा दोष एका जागी खिळून राहण्याचा आहे. हृदयातून निघताना रक्ताचा दाब सरासरी ९० ते १०० मिलिमीटर पारा असतो. केशवाहिन्या ओलांडून शिरेत येईतो जेमतेम १५ उरतो. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याशी मात्र शिरेतला दाब ९०च्या घरात जातो, कारण वरच्या रक्ताचं सगळं वजन तिथं येतं. चार पावलं चाला, तो ३०च्या आसपास उतरतो. पोटरी आवळली की खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर चढतं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. नदीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: फूटव्हॉल्व्ह गळका असला, तर मोटार थांबताच पाईपातलं पाणी पुन्हा नदीत.

या झडपांचं सविस्तर वर्णन पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये छापलं, पण त्यांचं खरं काम ओळखलं त्याच्या शिष्याने, विल्यम हार्वेने, १६२८ मध्ये. त्याचा पुरावा आपल्याही हातावर आहे. हात खाली सोडून शीर फुगू द्या, एका बोटाने ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारा. मधला तुकडा सपाट होतो आणि वरून भरत नाही. दाबलेलं बोट उचललं की खालून झरकन भरतो.

कुणी म्हणेल, रक्ताभिसरण बंद वर्तुळ आहे; जितकं वजन चढायचं तितकंच धमनीतून उतरतं, मग पोटरीची गरज काय? हिशेब बरोबर आहे, आणि म्हणूनच उभ्या माणसाचं अभिसरण थांबत नाही. पण शिरा ताठ नळ्या नाहीत. त्या ताणतात, अर्धा लिटरभर रक्त खालीच साठतं, पाणी झिरपून पाय सुजतात. संचलनात ताठ उभा जवान भोवळ येऊन पडतो तो यामुळेच. स्टूल दिल्यानेही निम्मंच भागतं, कारण लोंबकळत्या पायाची पोटरीही गप्पच असते. टाचा उचलणं, मधूनमधून फेरी मारणं अधिक कामाचं. दिवसभर रानात राबणाऱ्यांच्याही पायांवर शिरांच्या गाठी दिसतात, हेही खरं. आनुवंशिकता, वय, बाळंतपणं यांनी झडपा सैल पडतात, आणि सैल झडप चालून घट्ट होत नाही. तिथं डॉपलर सोनोग्राफीत गळती कुठं आहे ते पाहून, घट्ट मोजे पुरतील की लेझर लागेल, हे डॉक्टरांनी ठरवायचं.