लाकडाचे अठरा मजले

उंच इमारत म्हटली की लोखंड आणि सिमेंट आलेच, असे आपण धरून चालतो. पण कॅनडा देशात व्हँकुव्हर नावाचे शहर आहे. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी १८ मजल्यांचे वसतिगृह बांधले, तेही बहुतेक लाकडाचे! नाव ब्रॉक कॉमन्स. २०१७ साली ते उघडले. त्यात ४०४ मुलामुलींची सोय आहे.

आता कोणी विचारील, एवढी पोरे लाकडात निजवायची, आणि आग लागली तर? प्रश्न रास्त आहे. तिथल्या कायद्याने तेव्हा लाकडी घर ६ मजल्यांवर नेता येत नव्हते. या इमारतीपुरता वेगळा नियम करावा लागला.

आपण चूल पाहतोच. काटक्या भुरकन जळतात. जाड ओंडका मात्र वरून कोळसा होतो आणि आत बराच वेळ शाबूत राहतो. तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला राखतो. इथले खांब आणि तक्ते असेच जाड आहेत, फळ्या एकमेकींना चिकटवून केलेले. तरी तेवढ्यावर भागवले नाही. त्यांच्यावर जिप्समच्या पाट्यांचे थरावर थर चढवले. जिप्सम हा एक मऊ दगड. त्याच्या अंगातच पाणी असते. आच लागली की आधी ते पाणी उडते, तोवर लाकूड वाचते. छताला पाण्याचे फवारेही आहेत. जिने आणि लिफ्ट ज्यात आहेत ते दोन उभे गाळे काँक्रिटचे, तळमजलाही काँक्रिटचा.

दुसरा वैरी पाऊस. व्हँकुव्हरला हिवाळाभर पाऊस असतो. बांधतानाच लाकूड भिजले तर फुगायचे. म्हणून लाकडाचे काम २०१६ च्या उन्हाळ्यात ७० दिवसांच्या आत उरकले. बाहेरच्या भिंती कारखान्यातूनच तयार आल्या. एकेक भिंत ८ मीटर, म्हणजे सुमारे २६ फूट लांब, आणि खिडक्या आधीच बसवलेल्या! यारीने उचलायची, जागेवर लावायची. मजले वर चढत गेले, तशा मागोमाग भिंतीही. या भिंतींचा सांगाडा पोलादी पट्ट्यांचा आहे. बाहेरून लावलेल्या पाट्या लाकडाचे तंतू आणि राळ दाबून केलेल्या आहेत. त्यांत शंभरात सत्तर भाग लाकूड.

उघडले तेव्हा हे जगातले सर्वांत उंच लाकडी घर होते. २०१९ साली नॉर्वेने त्याहून उंच बांधले.

आम्हांला एक गोष्ट मात्र खटकते. एवढे लाकूड वापरले, पण पाट्यांमुळे ते खोल्यांत दिसत नाही. उघडे लाकूड पाहायचे तर अठराव्या मजल्यावरच्या बैठकीच्या दालनात जावे लागते.