यादी केली की ताण वाढतो?

कामांची यादी करा म्हटलं की अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘सगळं एकदम समोर आलं की आणखीच धडकी भरते.’ हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. न लिहिल्याने कामं कमी होत नाहीत. ती रात्री अंथरुणावर पडल्यावर एकेक करून आठवू लागतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी सहकाऱ्यांसोबत हेच तपासलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५७ तरुण होते. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं एका गटाने येत्या दिवसांत करायची कामं लिहिली, दुसऱ्याने उरकलेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

‘काम हातावेगळं झाल्याशिवाय डोक्यातून जातच नाही’ हेही अर्धसत्य. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११च्या प्रयोगांत अपुरी राहिलेली कामं दुसऱ्या कामात लुडबुड करताना दिसली. पण ती कधी, कुठे, कशी करायची हे नेमकं ठरवल्यावर लुडबुड थांबली, कामं झालेली नसतानाही! म्हणून ‘मुलीची ॲडमिशन’ एवढं मोघम लिहून भागत नाही. ‘सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शाळेत फोन करून कागदपत्रं विचारणे’ असं लिहावं लागतं. डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ (२००१) या पुस्तकातल्या पद्धतीचा गाभा हाच : डोक्यातलं सगळं उतरवा, प्रत्येकाची पुढची कृती ठरवा, दोन मिनिटांत होणारं तिथेच उरका, आणि आठवड्यातून एकदा यादी नजरेखालून घाला. बहुतेक जण उतरवण्यापाशीच थांबतात, म्हणून यादी भेडसावते. मला तर आठवड्याचा आढावा सर्वांत मोलाचा वाटतो. तो टळत गेला की मनाचा यादीवरचा भरवसा उडतो आणि ते सगळं पुन्हा स्वतःच वाहू लागतं.

यासाठी महागडं ॲप लागत नाही, साधी वही पुरते.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे ऐकून कित्येक जण बाविसाव्या दिवशी हार मानतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. तेव्हा खंड पडला तर दुसऱ्या दिवशी वही उघडा, एवढंच.

मात्र पद्धत नीट पाळली की सगळी कामं दिवसात बसतील, ही आशा सोडायला हवी. आपला अंदाज कायम कमी पडतो : १९९४च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सुमारे ३४ दिवस लागतील म्हटलं, लागले ५५. तिघांचं काम एकावर पडलं असेल तर कोणतीही वही ते उरकून देणार नाही. पण ती साहेबांसमोर ठेवून ‘यातलं कोणतं आधी करू, कोणतं मागे ठेवू?’ असं विचारता येतं, आणि ते विचारायलाच हवं.