तरुण घोडा माणसाच्या अंगावर का येतो?

शहरातील रस्त्यांवरून टांगा जवळजवळ गेला, तरी घोड्याशी आपला संबंध सुटलेला नाही. माथेरानला आपण त्याच्या पाठीवर बसतो, वरातीत नवरदेवाला बसवतो, मुलांना रपेट शिकायला पाठवतो. हौसेने शिंगरू घेणारेही थोडे नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. असे कौतुकाने आणलेले शिंगरू दोन वर्षांचे होते आणि एके दिवशी मालकाच्या दंडाला कडकडून चावते. मग त्याला झोडपतात, नाहीतर विकून टाकतात. विकलेला चावरा घोडा हातोहाती फिरतो आणि त्याच्या खोडीची कल्पना नसलेले एखादे मूल अखेर त्याच्या लाथेखाली सापडते. म्हणून ही खोड लागते कशी, हे समजून घेतले पाहिजे.

घोडा हा कळपात राहणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. कळपातील कुरबुरी तो बहुधा धमकीवरच मिटवतो. आधी कान मागे पाडतो, मग मान लांबवतो, पाठ फिरवतो, मागचा पाय उचलून धरतो; एवढ्याने भागले नाही म्हणजे दात किंवा लाथ. आपल्याला दिसते ती शेवटची पायरी, आणि आपण म्हणतो, 'काही कारण नसताना चावला!' उलट घोडा मात्र आपल्याला फार बारकाईने वाचतो. बर्लिनमधील हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली दाखवून दिले, की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मस्तकाची पुसटशी हालचाल पाहून खुराचे ठोके थांबवीत असे. तेव्हा आपण बिचकलो, की चिडलो, हे शिंगराला तत्काळ कळते.

आता खोड कशी लागते ते पाहू. सहा महिन्यांचे शिंगरू सदरा ओढते, पुढचे पाय उचलून खेळते. आपण हसतो आणि गुळाचा खडा देतो. कळपात मोठ्या घोडीने त्याला तेव्हाच जागेवर बसवले असते. आईवेगळे, बाटलीच्या दुधावर माणसात वाढलेले शिंगरू या शिस्तीला मुकते, म्हणून त्याच्या बाबतीत विशेष जपावे लागते. पुढे तोच खेळ तीनशे किलो वजनाचे जनावर खेळू लागते. त्याने कान पाडले की माणूस मागे सरतो, आणि धमकी दिली की माणूस हटतो हा धडा ते शिकते. यात दुष्टावा नाही. नकळत दिलेले हे शिक्षणच आहे.

परंतु शिस्तीचा विचार करण्यापूर्वी दुखण्याचा विचार करावा. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून कायमचे येतात, आणि नेमक्या याच वयात आपण त्याच्या तोंडात लगाम घालतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. तासन्‌तास चारा मिळाला नाही तर तेथे व्रण पडतात, आणि असा घोडा तंग आवळताना चावू शकतो. नर शिंगरू साधारण दीड-दोन वर्षांत वयात येते; त्याला खच्ची करावे की नाही, हे पशुवैद्याला विचारून ठरवावे. शांत घोडा अचानक पिसाळल्यासारखा वागू लागला तर रेबीजची शंका घेऊन दूर राहावे आणि पशुवैद्याला बोलवावे. भरपूर चंदी, काम नाही आणि दिवसभर एकटे बांधून ठेवणे, यानेही चांगले जनावर बिघडते.

उपाय साधे आहेत, पण चिकाटीचे आहेत. हातावर खाऊ देणे बंद करावे. चंदी पाटीत द्यावी. मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे. मोरकीला लांब दोर लावून त्याला एकेक पाऊल मागे सरायला शिकवावे. दोराचा ताण हलका असावा, आणि पाऊल मागे पडताच तो तत्क्षणी सोडावा. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस. कान पाडताच मारू नये, आणि शक्यतो मागेही हटू नये. त्यालाच दोन पावले मागे न्यावे. काही मिनिटांनी दिलेल्या शिक्षेचा संबंध त्याला लागत नाही. तोंडावर मारलेला घोडा हात दिसताच बिचकतो आणि पुढच्या वेळी आधीच चावतो. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, हे ग्रीक लेखक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच सांगून ठेवले आहे.

शांत, वयस्क घोड्याची सोबत व मोकळे रान मिळाले तर निम्मे काम होते. मात्र मोतद्दाराचा एक नियम आणि मालकाचा दुसरा, असे होता कामा नये. दात दाखवीत, पुढचे पाय उचलून अंगावर धावणारा घोडा हौशी माणसाने हाताळू नये. तो जाणत्या चाबुकस्वाराकडेच सोपवावा.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, आणि त्यातली पहिली तीन-चार वर्षे त्याला वळण लावण्याची असतात. यापुढे मुलाला घोड्यावर बसवण्याआधी क्षणभर थांबा, घोड्याच्या कानांकडे पाहा आणि त्याला रोज खरारा करणाऱ्या माणसाला त्याचा स्वभाव विचारा.