मोबाईल फिडेलिटीच्या तबकड्या

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पुनर्मुद्रण ही केवळ व्यापाराची बाब न मानता, मूळ फितीवर जे उमटले आहे ते यथातथ्य श्रोत्याच्या कानी पोचविण्याची स्वतंत्र विद्या मानणाऱ्या ज्या मोजक्या संस्था अमेरिकेत निर्माण झाल्या, त्यांत कॅलिफोर्नियातील ‘मोबाईल फिडेलिटी साउंड लॅब’ अग्रगण्य होय. १९७७ साली ती स्थापन करणारे ब्रॅड मिलर हे मूळचे वाफेच्या आगगाड्यांचे नि मेघगर्जनांचे ध्वनी मुद्रित करण्यात रमलेले गृहस्थ. इंजिनाच्या उसाशातील बारकावे टिपणाऱ्या कानांना बाजारातील खरखरत्या तबकड्या असह्य झाल्या असल्यास नवल नाही.

संस्थेची कीर्ती झाली ती स्टॅन रिकर यांच्या अर्धगती पद्धतीमुळे. फीत आणि कोरणयंत्र ही दोन्ही निम्म्या वेगाने चालविली, की तार स्वरांची कंपने निम्म्यावर येतात आणि कोरणाऱ्या सुईला प्रत्येक सूक्ष्म वळण घेण्यास दुप्पट अवसर लाभतो. अशा रीतीने कोरलेल्या तबकड्यांचे ठसे जपानमधील जेव्हीसीच्या कारखान्यात उंची व्हिनाइलवर उमटविले जात. पुढे १९९९ साली संस्था बंद पडली व २००१ मध्ये शिकागोच्या ‘म्युझिक डायरेक्ट’ने ती विकत घेतली.

नव्या अमदानीतील मानाचा माल म्हणजे ‘वन-स्टेप’ तबकडी. एरवी लॅकरच्या मृदू तबकडीवर निकेलचा थर चढवून ‘फादर’, त्यापासून ‘मदर’ आणि तिच्यापासून प्रत्यक्ष ठसा, अशा तीन धातूच्या पिढ्या होतात. येथे मधल्या पायऱ्या गाळून पहिल्याच धातुप्रतीचा ठसा करतात. मात्र ठसा झिजतो, झिजला की नवे लॅकर कोरावे लागते, आणि प्रत्येक वेळी मूळ फीत यंत्रावर चढवावी लागते. म्हणूनच २०२२ साली मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार वन-स्टेप प्रती निघणार असे जाहीर होताच चाणाक्ष संग्राहकांनी हिशेब मांडला : इतक्या वेळा आपली अमूल्य फीत कोणती कंपनी फिरवू देईल? त्याच वर्षीच्या जुलैत संस्थेच्या अभियंत्यांनी एका मुलाखतीत कबुली दिली, की २०११ पासून अनेक फितींची आधी डीएसडी या अंकीय पद्धतीने नक्कल होई आणि कोरणी त्या नकलेवरून चाले. ग्राहकांनी फिर्यादी गुदरल्या.

गंमत अशी, की अंकीय मुद्रण एका श्रवणात ओळखण्याची घमेंड मिरविणाऱ्या रसिकांनीच वर्षानुवर्षे याच तबकड्यांना दाद दिली होती. तेव्हा ध्वनीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लपवाछपवीची. कारण एका मुद्रिकेचे शंभर-सव्वाशे डॉलर मोजणारा ग्राहक ध्वनीबरोबर तिच्या उगमाचा दाखलाही विकत घेत असतो, आणि तो दाखला येथे अपुरा होता.

आता संस्था प्रत्येक मुद्रिकेसोबत फितीपासून सुईपर्यंतचा मार्ग जाहीर करते. संग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी तेवढा तपशील अवश्य वाचावा, आणि तो कोठे छापलेला नसेल, तर विक्रेत्याला विचारण्यास संकोचू नये.