पृष्ठवंशावरील शस्त्रक्रियेनंतर चालण्याचा आत्मविश्वास : एक विवेचन

पृष्ठवंशावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पुन्हा चालू लागतो केव्हा, या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतात. पायांत बळ आले की तो चालू शकतो, हे एक उत्तर. आपले पाय आपल्याला पेलतील असा भरवसा त्याला वाटू लागला की तो चालतो, हे दुसरे. पहिल्या उत्तराचा विचार शल्यचिकित्सेत सविस्तर झालेला आहे. दुसऱ्या उत्तराचा विचार मात्र पुष्कळदा ‘रुग्णाने धीर धरावा’ एवढ्या उपदेशापाशीच थांबतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या उत्तराचे विवेचन करावयाचे आहे. हा भरवसा चालण्याच्या आधी येत नाही, तो मोजून-मापून केलेल्या चालण्यातूनच येतो, हे येथील मुख्य प्रतिपादन होय.

१. प्रश्नाचे स्वरूप

विवेचनासाठी वाळूजसारखी वस्ती डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि पुढे हा परिसर मराठवाड्यातील एक प्रमुख औद्योगिक वसाहत बनला. येथील कामगाराच्या दृष्टीने चालणे म्हणजे सकाळची हौसेची फेरी नव्हे. खोलीचा जिना उतरणे, अवजड वाहनांच्या रस्त्याच्या कडेने बसच्या थांब्यापर्यंत जाणे आणि पूर्ण पाळीभर यंत्रापुढे पायांवर उभे राहणे, हे सर्व त्या एका शब्दात सामावलेले असते. ज्या कामगाराच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याची जखम भरली तरी हा शब्द त्याला पुन्हा वापरता येईलच असे नाही. आणि तो आला नाही तर रोजगारही परत येत नाही. म्हणून आत्मविश्वासाचा प्रश्न हा केवळ मनाच्या समाधानाचा प्रश्न राहत नाही.

२. डळमळीतपणाला शरीराचाही आधार असतो

रुग्णाची भीती ‘मनाची’ म्हणून बाजूस सारण्याची घाई करू नये. दाबले गेलेले मज्जातंतू मोकळे झाले तरी त्यांचे कार्य हळूहळू पूर्ववत होते. काही काळ पाऊल बधिर वाटते, गुडघा दगा देईल असे भासते. सांधे व स्नायू यांच्याकडून मेंदूला शरीराच्या स्थितीची जी वार्ता सतत मिळत असते, तिला शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली स्वतंत्र संज्ञा दिली. आपण तिला ‘स्थितिसंवेदन’ म्हणू. ही वार्ता अस्पष्ट झाली म्हणजे माणूस डोळ्यांचा आधार घेतो आणि पायांकडे पाहत चालतो. शिवाय कण्याला लगटून असलेले खोल स्नायू दुखण्याच्या काळात क्षीण होतात. ऑस्ट्रेलियातील हाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले की, कंबरदुखी थांबल्याबरोबर हे स्नायू आपोआप पूर्ववत होत नाहीत; त्यांना व्यायाम द्यावा लागतो. अंथरुणावरील विश्रांतीने सर्वच स्नायूंचे बळ घटते, हे तर सर्वांना ठाऊक आहे.

तात्पर्य, सुरुवातीची सावधगिरी सकारण असते. अडचण उद्भवते ती कारण ओसरल्यावरही सावधगिरी टिकून राहिल्यामुळे.

३. सावधगिरी चालणे कसे बिघडवते

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळास पदचक्र म्हणता येईल. स्वाभाविक चालीत या काळापैकी सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर व ४० टक्के वेळ हवेत असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ साधारण २० टक्के भरतो. उरलेला सर्व वेळ माणूस एकाच पायावर तोललेला असतो. म्हणजेच चालणे ही तोल सोडण्याची आणि पुन्हा सावरण्याची अखंड क्रिया आहे.

भ्यालेला माणूस नेमके हे सोडणेच टाळतो. तो पावले आखूड टाकतो, गती कमी करतो आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवण्याचा काळ वाढवतो. धड व कंबर यांची एकमेकांविरुद्ध होणारी सहज पिळवणूक थांबते. पाठ फळीसारखी ताठ होते, हातांचे झोके आखडतात. स्नायू सतत ताणलेले राहिल्याने लवकर थकतात, थकव्यातून वेदना होते आणि त्या वेदनेचा अर्थ रुग्ण असा लावतो की, ‘आत काहीतरी पुन्हा बिघडले.’ मग दुसऱ्या दिवशी तो आणखी कमी चालतो. कमी चालल्याने बळ घटते आणि घटलेले बळ भीतीला नवा पुरावा पुरवते.

या दुष्टचक्राची तात्त्विक मांडणी लेदेम व सहकाऱ्यांनी १९८३ साली केली आणि फ्लायेन व लिंटन यांनी २००० साली तिला विस्तृत रूप दिले. हालचालीच्या अवाजवी भयाला कोरी, मिलर व टॉड यांनी १९९० साली स्वतंत्र नाव दिले. त्याच्या मापनासाठी रचलेल्या ‘टॅम्पा’ श्रेणीत १७ विधाने असून गुणांक १७ ते ६८ यांच्या दरम्यान येतो. दुखणे म्हणजे इजा, ही समजूत रुग्णाच्या मनात कितपत रुजली आहे, हे तिच्यावरून अजमावता येते.

४. शब्दांमुळे वाढणारे भय

या समजुतीला आपल्या बोलण्यातील शब्दही हातभार लावतात, याकडे मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष दिले पाहिजे. ‘मणका सरकला’, ‘मणक्यात गॅप पडली’, ‘गादी घसरली’, ‘नस दबली’ हे शब्दप्रयोग घरोघरी ऐकू येतात. ज्याने स्वतःविषयी ‘मणका सरकला’ असे ऐकले, त्याच्या मनात ढिल्या झालेल्या विटांच्या उतरंडीचे चित्र उभे राहते. एक पाऊल चुकले की वीट पुन्हा सरकेल, हा त्या चित्राचा सरळ निष्कर्ष. प्रत्यक्षात अशा बहुतेक रुग्णांमध्ये मणका जागचा हललेला नसतो. दोन मणक्यांमधील चकतीचा आतील मऊ भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब पडलेला असतो. मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली आणि चकतीवरील आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला. मणका खरोखर पुढे सरकण्याचा विकार निराळा आहे. म्हणून आपल्या बाबतीत नेमके काय झाले होते, काय काढले आणि काय जोडले, हे रुग्णाला साध्या भाषेत सांगणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

५. आत्मविश्वासाची चार उगमस्थाने

मानसशास्त्रज्ञ बँडुरा यांनी १९७७ साली स्वसामर्थ्याविषयीच्या विश्वासाची चार उगमस्थाने सांगितली : स्वतःचे यश, दुसऱ्याचे पाहिलेले यश, इतरांचे शब्द आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिले सर्वांत प्रभावी होय.

स्वतःच्या यशासाठी चालण्याची वाढ ठरवून करावी लागते. वेदनातज्ज्ञ फोर्डाइस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात असे तत्त्व मांडले की, व्यायाम किंवा विश्रांती दुखण्यावर नव्हे, तर आधी ठरवलेल्या मापावर अवलंबून असावी. महाराष्ट्रातील वाचकाला हे तत्त्व अपरिचित वाटू नये. पंढरीच्या वारीत विसावे आणि मुक्काम आधीच ठरलेले असतात. पाय थकले म्हणून पालखी थांबत नाही. थांबण्याचे ठिकाण आले म्हणून थांबते आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. समजा, तीन दिवसांच्या नोंदीवरून रुग्ण सरासरी दहा मिनिटे चालू शकतो असे दिसले. तर आरंभ आठ मिनिटांपासून करावा आणि दर एक-दोन दिवसांनी एक मिनिट वाढवावे. बरे वाटले म्हणून मापापुढे जाऊ नये आणि नेहमीचे दुखणे आहे म्हणून मापाच्या खाली येऊ नये. या दोहोंत पहिला नियम पाळणे अधिक कठीण जाते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

मात्र मिनिटे वाढली म्हणून भरवसा सर्वत्र वाढतो असे नाही. व्हरांड्यात निर्धास्त चालणारा माणूस रस्ता ओलांडताना थिजतो. म्हणून भयाच्या प्रसंगांची चढती शिडी करावी : ओसरी, जिना, गल्ली, खडबडीत वाट, वाहनांचा रस्ता, बसची पायरी, गर्दी. प्रत्येक पायरीपूर्वी ‘काय होईल असे वाटते’ हे लिहावे व नंतर ‘काय झाले’ हे लिहावे. या दोन ओळींतील अंतर कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक बोलते. वाळूजच्या रहिवाशाला शिडीची वरची पायरी शोधण्यास दूर जावे लागत नाही. तेथील विठ्ठल मंदिराचे स्थान ‘छोटे पंढरपूर’ म्हणून प्रसिद्ध असून आषाढी एकादशीस शहरातून व आसपासच्या गावांतून असंख्य भाविक तेथे पायी येतात. पुढील आषाढीस त्या वाटेचा निदान शेवटचा टप्पा पायी चालावयाचा, हे उद्दिष्ट मिनिटांच्या आकड्यापेक्षा मनाला अधिक धरून ठेवते.

दुसरे उगमस्थान शेजारीच सापडते. अशाच शस्त्रक्रियेनंतर कामावर परतलेला सहकारी तासभर भेटला, तर त्याचे चालणे पाहूनच पुष्कळ शंका फिटतात. तिसऱ्याचा उपयोग आपल्या घरांत बहुधा उलटा होतो. ‘आप्पा, जपून’, ‘पडाल हं’, ‘राहू द्या, मी आणते’ ही वाक्ये प्रेमाची असली तरी त्यांतून रुग्णाला एकच निरोप मिळतो : तुमच्या पायांचा भरवसा नाही. कोपर धरून चालण्याऐवजी घरच्या माणसाने बरोबरीने, हात मोकळा ठेवून चालावे. काठीचेही तसेच. ती तोलासाठी हवी तोवर घ्यावी आणि केव्हा सोडावयाची हे तज्ज्ञाबरोबर आधीच ठरवावे. चौथे उगमस्थान म्हणजे अर्थनिर्णय. चालल्यानंतर कंबर जड होणे व दुसऱ्या दिवशी उतरणे ही कामाला लागलेल्या स्नायूंची खूण होय.

६. मर्यादा

धोक्याच्या खुणा मात्र निराळ्या आहेत आणि त्यांच्या बाबतीत धैर्य दाखवू नये. पायात नव्याने आलेली वा वाढणारी दुर्बलता, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या आतील भागात बधिरता, ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज व दुखणे, छातीत कळ किंवा धाप यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत हाड सांधण्यास काही महिने लागतात. वाकणे, पिळणे व ओझे उचलणे यांविषयीचे शल्यचिकित्सकाचे निर्बंध तेथे पाळलेच पाहिजेत.

चकतीवरील पहिल्या शस्त्रक्रियेबाबत पुरावा दिलासादायक आहे. ऑस्टेलो व सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधन-समालोचनांनुसार, चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने वेदना व असमर्थता अधिक लवकर कमी होतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही. भयावरच थेट उपचार करण्याचा प्रयोग अमेरिकेत आर्चर व सहकाऱ्यांनी केला. कमरेच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेल्या व हालचालीचे भय अधिक असलेल्या ८६ रुग्णांपैकी ज्यांना टप्प्याटप्प्याने उद्दिष्टे ठरवून देण्यात आली, त्यांच्यात वेदना व असमर्थता ही केवळ माहिती दिलेल्या गटापेक्षा अधिक घटली. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या लहान चाचणीवरून अंतिम निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. परंतु दिशा स्पष्ट आहे.

ज्यांच्या मज्जारज्जूलाच इजा झाली आहे, अशा सर्वांचे पाय परत येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या कण्यात १९६५ च्या युद्धात गोळी रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. चालणे परत न येताही भरवसा परत येऊ शकतो, याचे हे उदाहरण होय. उलट, ज्याचे पाय शाबूत आहेत परंतु भरवसा गेला आहे, तो रुग्ण तपासणीत ‘बरा’ ठरतो आणि घराच्या उंबऱ्याशी अडून राहतो. त्याच्या उपचारात त्या उंबऱ्यापासून बसच्या थांब्यापर्यंतचे अंतरही मोजले गेले पाहिजे.