रंगलेपन, एंजिनाच्या पत्र्याचे

मोटारगाडी, ऑटोरिक्षा इ. वाहनांच्या एंजिनावरील व त्याभोवतालच्या पोलादी पत्र्याच्या भागांना गंजापासून संरक्षण मिळावे म्हणून त्यांवर रंगाचा टिकाऊ लेप देण्याची क्रिया. झडपांवरील झाकण, तळाचे तेलपात्र, पंख्याभोवतीचे आवरण व उष्णतारोधक पत्रे हे असे भाग होत. हवेने थंड होणाऱ्या एंजिनात पंख्याची हवा सिलिंडरापर्यंत नेण्याचे काम आवरणच करते. ते गंजून त्याला भोके पडल्यास हवा वाटेतच निसटते व एंजिन प्रमाणाबाहेर तापते. म्हणून येथे रंगाची निवड केवळ शोभेची बाब राहत नाही.

किनारी हवेचा परिणाम : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मिठबावसारख्या समुद्रालगतच्या गावी फुटणाऱ्या लाटांच्या तुषारांतील मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात. सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील बाष्प शोषून विरघळते; समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलावते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहून गंज वाढतो. वाहनाच्या बाहेरील अंगावरचे मीठ पावसाने धुतले जाते. एंजिनाच्या कप्प्यातील मीठ मात्र साचत राहते. त्यात उष्णता, तेल, इंधन व खडीचा मार यांची भर पडते.

लेपांचे प्रकार : नायट्रोसेल्युलोज लाखरोगण लवकर वाळते, पण पेट्रोलाने मऊ पडते. अल्किड एनॅमल स्वस्त असून ब्रशानेही देता येते. ते भट्टीत सु. १२०° ते १५०° से. तापमानाला भाजल्यास अधिक कठीण व तेलरोधक होते. एपॉक्सी अस्तर पत्र्याला घट्ट चिकटते. उन्हात त्याची भुकटी होते, परंतु एंजिनाच्या कप्प्यात ऊन पोहोचत नसल्याने हा दोष गौण ठरतो. त्यावर दोन घटकांचे पॉलियुरेथेन रोगण दिल्यास इंधन व तेल यांना चांगला विरोध होतो. त्याच्या कठीणकारकातील आयसोसायनेटांमुळे दमा जडू शकतो; म्हणून फवारणी करताना योग्य श्वसनरक्षक वापरणे आवश्यक असते. पावडर कोटिंगमध्ये विद्युत् भारित भुकटी पत्र्यावर बसवून सु. १८०° ते २००° से. तापमानाला वितळवितात. सामान्यतः ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा हा लेप मजबूत असतो, पण त्याला भट्टी लागते. त्याचा टवका उडाल्यास लेपाखालून गंज पसरतो आणि दुरुस्ती अवघड जाते.

एपॉक्सी व पॉलियुरेथेन यांचे नेहमीचे प्रकार सु. १२०° से. च्या पलीकडे दीर्घकाळ टिकत नाहीत. निष्कासनलिकेजवळील पत्र्यासाठी ॲल्युमिनियमयुक्त सिलिकोन रंग वापरतात, तो सु. ६००° से. पर्यंत टिकतो. मात्र तो पातळच द्यावा लागतो आणि तापवल्याशिवाय पुरता पक्का होत नाही, म्हणून खाऱ्या हवेपासून त्याचे एकट्याचे संरक्षण अपुरे पडते. सु. ४००° से. पर्यंतच्या भागांवर त्याखाली जस्त-सिलिकेटाचे अस्तर उपयुक्त ठरते. एकच रंग सर्व भागांना लावणे यामुळे अयोग्य होय.

पूर्वतयारी : लेपाचे आयुष्य रंगाच्या किंमतीपेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते. लेपाखाली मीठ राहिल्यास ते लेपातून पाणी आत ओढून घेते व फोड येतात. याकरिता तेलकटपणा काढून पत्रा गोड्या पाण्याने धुतात, कणांच्या झोताने गंज घालवितात, पुन्हा धुऊन पूर्ण वाळवितात आणि विनाविलंब अस्तर देतात. झोतासाठी सिलिकायुक्त वाळू वापरल्यास तिच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा रोग होतो, म्हणून ती टाळावी. धारदार कडांवर रंग पातळ बसतो. त्यामुळे कडा गोलसर घासून त्यांना रंगाचा एक जादा हात देतात. पावसाळी दमट हवेत थंड पत्र्यावर दव धरते, अशा वेळी रंगकाम करू नये.

निवड : स्थानिक कार्यशाळेत झाकण, तेलपात्र व आवरण यांना एपॉक्सी अस्तर आणि त्यावर पॉलियुरेथेन रोगण ही जोडी किनारी प्रदेशात सोयीची ठरते, कारण उडालेला टवका घासून जागच्या जागी दुरुस्त करता येतो. खर्च परवडत नसल्यास स्वच्छ पत्र्यावर गंजरोधक अस्तर व अल्किड एनॅमल देऊन दरवर्षी डागडुजी करावी. लेप कोणताही असला, तरी एंजिन थंड झाल्यावर विद्युत् भाग झाकून पत्रा अधूनमधून गोड्या पाण्याने धुणे व नंतर वाळविणे हितावह असते.