पोरीनं आधी विचारलं तर?

पोरगा पोरीला विचारतो तेव्हा तो हिंमतवाला ठरतो. पोरीनं 'चल, चहा घेऊ, बोलायचं आहे' म्हटलं की वस्तीच्या तोंडी ती वाया गेलेली असते. कुही तालुक्यात आरोग्याचं काम करणाऱ्या आम्ही बाया मात्र हा प्रश्न इज्जतीचा नाही, आरोग्याचा मानतो.

पाहणीत पोरगी चहाचा ट्रे धरून गप्प बसते, प्रश्न विचारतात ते मुलाकडचे. जी स्वतः पाऊल टाकते, ती स्वतःचे प्रश्नही विचारू शकते. त्यातला एक प्रश्न आपल्या घराघराचा आहे: 'तुझी सिकलसेलची तपासणी झाली का?'

विदर्भात हा आजार आदिवासींसोबत आपल्या समाजातही आढळतो. वाहकाला (एएस) सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित (एसएस) होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के. एक मूल पीडित झालं म्हणून पुढची सुटली, असा हिशेब नसतो. एक जण वाहक आणि दुसरा एए असेल तर मूल पीडित होत नाही. आधी बोटाच्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने एएस की एसएस ते कळतं. सरकारी दवाखान्यात चौकशी करा. हे साखरपुड्यानंतर कळलं की मोडलेल्या लग्नाचा ठपका पोरीवरच बसतो. आधी कळलं तर दोघं समजून निर्णय घेतात.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, लग्नाची घाई करू नका. नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण व्हा. बरोबरीच्या मैत्रीत विचारायचा हक्क दोघांचा असतो.

पोरींनो, अठरा पूर्ण झाल्यावरच हे पाऊल टाका. दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी भेटा. मैत्रिणीला सांगून जा, परतीचे पैसे जवळ ठेवा. तो 'नाही' म्हणाला तर तो विषय तिथंच सोडा. आणि पोरांनो, तिनं चहाला बोलावलं म्हणजे सगळ्यालाच होकार दिला, असं नाही. कोणी जबरदस्ती केली तर 112 किंवा महिलांसाठीचा 181 नंबर लावा.

मायबाईंनो, पोरीला दम दिला तर ती भेटायची थांबत नाही, सांगायची थांबते. मग अडचणीत ती एकटी पडते. ती घरी आली की आधी जेवू घाला, मग विचारा, 'कसा आहे पोरगा?'